विषय : राजकन्या वारंवार पळवली जात असल्याबाबत

कागद कसा लिहावा, हे मला कुणी शिकवायचं नाही! चौतीस वर्षं महसूल खात्यात काढली, त्यातली शेवटची अकरा अव्वल कारकून म्हणून. 'उपरोक्त विषयास अनुसरून' एवढं मी लिहिलं की भले भले अधिकारी खुर्चीत सावरून बसायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण तुळजापुरात आजही कुणाला निवेदन द्यायचं असलं, रस्त्याचं असो की नळाचं, तो आधी माझ्याकडे येतो. विष्णुपंतांचं घर विचारा, रिक्षावाला दारात आणून सोडेल!

तेव्हा नातीनं, श्रियानं, तिचा मोबाइल माझ्या हातात ठेवला, तर मी कशाला घाबरतोय?

"आबा, माझी बारावीची परीक्षा आहे. महिनाभर गेम खेळणार नाही, असा आईला शब्द दिलाय," ती म्हणाली. "तुम्ही फक्त रोज 'सुवर्णगड' उघडायचं आणि माझी हजेरी लावायची. संध्याकाळी सहाच्या आत. सहाशे बारा दिवस झाले, एकही खाडा नाही. एक दिवस चुकला ना, तर सगळं शून्यावर!"

"हजेरी? अगं, अख्ख्या कचेरीचं हजेरीपत्रक सांभाळलंय मी!"

"फक्त हजेरी हं आबा. बाकी कशाला हात लावू नका."

आता तुम्हीच सांगा, हात लावू नका म्हटलेली फाईल उघडली नाही असा कारकून तुम्ही पाहिलाय?

पहिल्याच दिवशी हजेरी लावली आणि सरळ राजवाड्यात गेलो. दाढीवाले राजे वीरसेन सिंहासनावर बसले होते. म्हणाले, "हे शूर वीरा! माझी कन्या राक्षसानं पळवली! जा, दहा लांडगे मारून ये!"

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कन्या पळवली राक्षसानं. मग लांडग्यांचा काय संबंध?

शेजारी बब्रुवान चहा पीत बसला होता. हा आमच्या कचेरीतला जुना शिपाई, मूळचा तेरखेड्याचा. निवृत्त झाला तरी सकाळी दहाला माझ्याकडे हजर असतो. त्याला मी गोष्ट सांगितली.

"भाऊसाहेब, पोरगी पळवली म्हंजी आदी तक्रार पायजे," बब्रुवान म्हणाला. "पंचनामा पायजे. ह्यो राजा लांडग्याच्या मागं का लागलाय?"

"तेच म्हणतोय मी! बिनडोक कारभार!"

तरी मारले. बब्रुवाननंही आपल्या मोबाइलवर गेम घेतला आणि श्रियाच्या दलात शिरला. दहा लांडगे झाले. राजा म्हणाला, आता दहा अस्वलं. अस्वलं झाली. मग पुन्हा दहा लांडगे, फक्त निळ्या रंगाचे! बोट दाबून दाबून सुजलं.

आमच्या सौभाग्यवती, चारुशीलाबाई, डाळ निवडता निवडता म्हणाल्या, "तिकडं लांडगे मारताय, आणि घरात झुरळ दिसलं की मला हाका मारता!"

पाचव्या दिवशी राक्षस पडला. राजकन्या सुटली. मी स्वतः तिला राजवाड्यात नेऊन सोडलं, ढोल वाजले, फुलं उधळली, माझा ऊर भरून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी लावायला गेलो, तर राजा पुन्हा सिंहासनावर! "हे शूर वीरा! माझी कन्या राक्षसानं पळवली!"

"अहो, कालच आणून दिली की!" मी मोबाइलवर ओरडलो. बब्रुवानच्या हातातला चहा सांडला.

खाली खेळाडूंच्या गप्पा चालायच्या, त्या मी वाचल्या. सगळेच वैतागले होते! सांगलीचा एकजण लिहीत होता, 'नव्या पर्वात कथाच नाही.' नागपूरचा म्हणत होता, 'लांडगे रंगवून पुन्हा आणलेत, फसवणूक आहे ही.' पण नुसतं कुरकुरून काय होतं? कागद कोण करणार? माझे हात शिवशिवायला लागले.

बैठक मारली आणि लिहिलं. 'विषय : राजकन्या वारंवार पळवली जात असल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर राजकन्येस एकदा सोडवून रीतसर ताब्यात दिल्यानंतर तिच्या बंदोबस्ताची कोणतीही व्यवस्था राजवाड्यावर आढळून येत नाही. तसेच लांडग्यांचा मूळ प्रकरणाशी संबंध स्पष्ट होत नाही. सबब, सात दिवसांत कथेत सुधारणा न केल्यास राजवाड्यासमोर धरणे धरण्यात येईल.' प्रत माहितीस्तव : राजे वीरसेन. प्रत : राक्षस.

कंपनीला पाठवलं, खेळाडूंनाही वाचायला दिलं. सांगलीवाल्यानं तर लिहिलं, 'काका, गेमच्या कथेपेक्षा हे भारी आहे!' खोटं कशाला बोलू, मी ती ओळ चारुशीलेला तीनदा वाचून दाखवली.

सात दिवस उत्तर नाही. आठव्या दिवशी सकाळी अकराला मी गेममध्ये राजवाड्यासमोर मांडी घातली. शेजारी बब्रुवान, त्याच्या शेजारी सांगली, नागपूर, मुरुमचे दोघं. दुपारपर्यंत चार हजार योद्धे बसले! ढाली उशाला घेऊन काहीजण आडवेही झाले. राजापर्यंत कुणालाच जाता येईना. त्या दिवशी सुवर्णगडात एकही लांडगा मेला नाही.

तीनच्या सुमारास आकाशातून पांढऱ्या दाढीचे एक ऋषी उतरले. डोक्यामागं तेजाचं वलय, हातात कमंडलू. म्हणाले, "मी कंपनीतर्फे आलो आहे. तुमचं म्हणणं ऐकायचं आहे."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं! एवढ्यात बब्रुवाननं मला ढोसलं.

"भाऊसाहेब, मोटा मानूस आलाय. माळ लावू का?"

तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव. तिथं पाहुण्याला माळ लावल्याशिवाय वेशीत घेतलं, तर घेणाऱ्याचीच अब्रू जाते. बब्रुवाननं गेममध्ये चाळीस अग्निमाळा जमवून ठेवल्या होत्या.

"लाव की! विचारतोस काय!" मी म्हणालो.

धडाड धड धड धड! सगळा पडदा पिवळाधमक झाला. धूर विरला तेव्हा ऋषी उताणे पडले होते. वलय विझलं होतं. वर मोठ्या अक्षरांत आलं : 'श्रियाच्या दलानं देवर्षींचा वध केला!'

"आरं देवा," बब्रुवान पुटपुटला. "तिकडं माळेनं मानूस मरतो व्हय?"

आणि श्रियाचं खातं बंद झालं. दलाची प्रमुख तीच ना! त्या दिवशीची हजेरी मी धरण्याच्या गडबडीत अजून लावलीच नव्हती. घड्याळात साडेतीन. आत खोलीत पोर दार लावून भौतिकशास्त्राचा अभ्यास करत होती. आजोबांवर भरवसा टाकून! पोरीची सहाशे सत्तावीस दिवसांची मेहनत मी फटाक्यांत उडवली होती.

तेवढ्यात कंपनीचा संदेश आला : 'तुमचं खातं कायमचं बंद का करू नये, याचं कारण कळवा.'

मी दोनदा वाचलं. मग ताडकन उठून उभा राहिलो.

"चारुशीले! कारणे दाखवा नोटीस आलीय!"

"अगंबाई! मग हसताय काय?"

"हसू नको तर काय करू! हा तर माझा विषय!"

चाळीस मिनिटांत पाच पानी खुलासा. 'पाहुण्याचे स्वागत फटाक्यांनी करणे ही तेरखेड्याची जुनी रीत असून त्यामागे वधाचा कोणताही हेतू नव्हता. देवर्षींना झालेल्या त्रासाबद्दल दल दिलगीर आहे. तथापि, देवर्षी एका माळेत गतप्राण होतात, ही बाब त्यांच्या तपश्चर्येबाबत शंका निर्माण करते.' बब्रुवाननं खाली साक्षीदार म्हणून नाव टाकलं.

पाच वाजले. काही नाही. साडेपाच. बब्रुवान आई भवानीचं नाव घेत येरझाऱ्या घालत होता. पाच बावन्नला खातं उघडलं! आधी हजेरी लावली, तेव्हा कुठं श्वास घेतला. सोबत कंपनीचं पत्रही होतं : 'तुमचा खुलासा आमच्या सगळ्या कचेरीत मोठ्यानं वाचला गेला. कथेत सुधारणा करत आहोत. तुमची परवानगी असेल, तर राजवाड्याच्या दारात तुमच्यावरून एक नवं पात्र बसवावं म्हणतो.'

परवानगी? मी लगेच माझा टोपीतला फोटो पाठवला आणि गल्लीभर पेढे वाटले! बब्रुवानचं एवढंच म्हणणं होतं, "भाऊसाहेब, दाराभायेर स्टुलावर आमाला बी बसवा म्हणावं."

परीक्षा संपली. श्रियानं मोबाइल घेतला. हजेरी शाबूत पाहून तिनं मला मिठीच मारली. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हणालो, "आता राजवाड्यात जा आणि बघ तुझा आजोबा!"

खरंच, दारात बसला होता लेखनिक विष्णुपंत! तोच चष्मा, तीच टोपी. श्रिया आत जाऊ लागली.

"अर्ज आणा," तो म्हणाला.

तिनं अर्ज आणला. "समास सोडलेला नाही." तिनं समास सोडला. "दोन प्रतीत हवा." तिनं दोन प्रती आणल्या. "साहेब दौऱ्यावर आहेत. सोमवारी या."

"बघ, बघ, किती बिनचूक!" मी टाळी वाजवली.

तिसऱ्या दिवशी श्रियाचा चेहरा रडवेला झाला. "आबा, या म्हाताऱ्याला मारायचं कसं?"

"त्याला मारता येत नाही," मी अभिमानानं सांगितलं.

चारुशीला चष्मा लावून शेजारी बसली होती. म्हणाली, "हुबेहूब हेच हो!" खेळाडूंच्या गप्पांमध्ये सांगलीवाला लिहीत होता, 'लांडगे परवडले.' नागपूरवाल्यानं त्याखाली हात जोडले होते.

श्रियानं एक कोरा कागद माझ्यापुढं ठेवला. "आबा, निवेदन लिहून द्या."

"माझ्याच विरुद्ध?"

"मग काय! तुमच्यासारखं दुसरं कुणाला जमणार आहे?"

नात असं म्हणाल्यावर कोण नाही म्हणेल? बसलो, लिहिलं. आणि छातीवर हात ठेवून सांगतो, चौतीस वर्षांत असा बिनतोड मसुदा माझ्या हातून उतरला नव्हता. कंपनीनं दुसऱ्याच दिवशी मला काढून टाकलं!