गुरूचे चार चंद्र

छप्पन सालच्या चैत्रात नळदुर्गच्या रेवणसिद्ध मास्तरांच्या तोंडून एक वाक्य निसटलं. शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांना ते म्हणाले, "साहेब, एकदा आमच्या वेधशाळेत या. गुरूचे चार चंद्र दाखवतो."

साहेबांनी तिथंच डायरी काढली. "येत्या शनिवारी, दिवेलागणीला."

मास्तरांकडं दुर्बीण होती (सोलापूरच्या जुन्या बाजारातली, पण खरी). वेधशाळा मात्र नव्हती.

"आता काय करता?" घरी पत्नी शिवकांताबाईंनी विचारलं.

"बांधतो," मास्तर म्हणाले. साहेबाशी खोटं बोलल्याचं उघड झालं तर नोकरीचं काय?

पाच दिवसांत परसात चार भिंती उठल्या. वर पत्र्याचं छप्पर, त्याला चाकं, चाकांखाली लोखंडी रूळ. ढकललं की छप्पर मागं आणि आभाळ मोकळं! सगळी करामत गुंडाप्पा लोहाराची. मास्तर जेवताना घास हातात धरून त्या पत्र्याकडंच बघत बसायचे.

शनिवारी साहेब आले. गुरू डोक्यावर लखलखत होता.

"ढकल, गुंडाप्पा!"

छप्पर जागचं हललं नाही.

"अरे, सकाळी तर सुळ्ळकन सरकत होतं!"

"व्हय मास्तर, पर आता लई जड लागतंय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मास्तरांनी डोळे मिटून खांदा लावला. छप्पर गडगडत सुटलं आणि वरून किंकाळी आली, "शिवकांते, भूकंप गं!"

पत्रा छान तापतो म्हणून मास्तरांच्या सासूबाईंनी, गंगम्मांनी, त्यावर कुरडया घातल्या होत्या. त्या काढायला मागच्या शिडीनं वर चढल्या, त्या आता छपरासकट निघाल्या होत्या!

"थांबव!" मास्तर ओरडले.

"कशानं थांबवू? तुमी फकस्त सरकवायचं सांगितलं व्हतं!"

रूळ संपले. छप्पर शेजारच्या गोठ्यावर तिरकं टेकलं. आत म्हैस हंबरली. गंगम्मा टोपली छातीशी धरून वरच बसून राहिल्या. मास्तर शिडी घेऊन धावले.

"जावईबापू, तुम्ही लांबच राहा," त्यांनी वरून बजावलं. "त्या साहेबांना धरू द्या शिडी."

साहेबांनी कोट काढून शिडी धरली. खाली उतरताच गंगम्मांनी त्यांना घरात नेऊन कुरडया तळून वाढल्या. मास्तर दारात दुर्बीण पुसत "साहेब, तो गुरू..." म्हणत राहिले. तेवढ्यात धाराशिवच्या एसटीची वेळ झाली. साहेब गेले.

पंधरा दिवसांनी सरकारी लखोटा आला. मास्तरांनी तो फोडला. आत एकच ओळ होती :

'घराचे छप्पर जागेवर राहत नसल्याने सदर शिक्षकास दुरुस्तीसाठी आठ दिवसांची रजा मंजूर.'