सदूनानांचा पुरावा

सदूनानांच्या दाराची कडी वाजवली की आतून आवाज यायचा, "कोण?" तो सगळ्याच घरांतून येतो. पण आपण नाव सांगितलं की नाना पुढे विचारायचे, "पुरावा काय?" हातात आमटीची वाटी घेऊन मी कितीदा तरी त्यांच्या दारात ताटकळलोय.

पंचवटीत आमच्या समोरच्याच घरात हा गृहस्थ राहायचा. उभी हयात नोटांच्या छापखान्यात गेलेली. तिथे आत जाताना पास दाखवायचा आणि बाहेर पडताना झडती द्यायची. गेटवरचा पहारेकरी नानांचा सख्खा मेहुणा. रात्री मेहुण्याच्या ताटाला ताट लावून जेवलेले नाना सकाळी त्याला पास दाखवायचे, आणि तोही पठ्ठ्या फोटो आणि चेहरा ताडून बघायचा. "यात अपमान कसला?" नाना म्हणायचे. "ओळख वेगळी, पुरावा वेगळा." हे वाक्य ऊठसूट ऐकवायचे.

रिटायर झाल्यावर हा माणूस स्वस्थ बसेल तर शपथ! गल्लीत नुसत्या येरझारा, आणि डोक्यात एकच किडा: मतदाराने फोटोचं ओळखपत्र दाखवल्याशिवाय त्याला मतपत्रिका देऊच नये. तेव्हा असलं काही नव्हतं हो. नाव सांगायचं, बोटाला शाई लावून घ्यायची, शिक्का मारायचा, झालं. "उद्या कोणीही उठून माझ्या नावावर मत देईल!" नाना कावून म्हणायचे. "देऊ दे की, तुम्ही तरी कुठे निवडून येणाऱ्याला देता?" असं मी म्हटलं की आठवडाभर अबोला.

सरकार ऐकेना, म्हणून त्यांनी स्वतःच गल्लीची ओळखपत्रं बनवायला घेतली. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, घरची खळ आणि वर फोटो. माझ्या कार्डावर माझा लग्नातला फोटो चिकटवला, मुंडावळ्यांसकट.

"नाना, अहो निदान मुंडावळ्या तरी कापा!"

"फोटोला कात्री लावायची नाही. नियम आहे."

कुणाचा नियम? यांचाच!

निवडणूक आली की नाना कुठल्यातरी अपक्षाचे पोलिंग एजंट व्हायचे. उमेदवाराशी घेणंदेणं नाही, मतदान केंद्रात खुर्ची मिळाली म्हणजे झालं. एजंटाला दोन रुपये भरून मतदाराच्या ओळखीवर हरकत घेता यायची. नाना त्यासाठी खिशात नाणी खुळखुळवत बसायचे.

एका वर्षी केंद्र म्युनिसिपालिटीच्या शाळेत होतं. केंद्राध्यक्ष म्हणून तिकडे पेठ तालुक्यातून एक गरीब मास्तर आलेले. नानांनी सकाळपासून त्यांचं डोकं खाल्लं. भाजीवाल्या सखूबाईवर हरकत घेतली तेव्हा ती खवळलीच.

"नाना, मला वळखत नाय? रोज मेथी कोन देतं तुम्हाला?"

"मेथी ओळखतो. तुझा पुरावा काय?"

"थांबा, उद्यापासून मेथीच देत नाय!"

शेवटी रांगेतल्या चौघांनी "ही सखूबाईच" म्हणून सांगितलं, तेव्हा मास्तरांनी तिला मत देऊ दिलं. नानांचे दोन रुपये सरकारजमा झाले. सखूबाई शाळेच्या पायरीवर बसून येईल त्याला ही कागाळी सांगत राहिली. नाना मात्र एका जागी ठरेनात. घड्याळ बघ, दाराशी जा, परत ये. दुपारी एकाएकी उठून घरी गेले.

परतले ते बायकोला, आमच्या वहिनींना, हाताला धरून. वहिनी बरेच दिवस बाहेर दिसल्या नव्हत्या. गुडघे धरलेत, असं नाना सांगायचे. कोरी साडी, चापूनचोपून घातलेली वेणी. रांगेत मी त्यांच्या मागेच होतो.

"नाव?" मास्तरांनी विचारलं.

वहिनींनी माहेरचं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, शाळेत हजेरीला सांगावं तसं.

मास्तरांनी यादी वरखाली पाहिली. "या नावाचं कुणी नाही."

"अहो, माझी बायको आहे ती!" नाना पुढे सरसावले.

मास्तर सकाळपासून इतके पिडलेले, की त्यांनी संधी सोडली नाही. "पुरावा काय?"

अख्खी रांग खो खो हसली. मीही हसलो. मग मास्तरांनी वहिनींना विचारलं, "बाई, हे कोण तुमचे?"

वहिनींनी नानांना नीट निरखून पाहिलं. "ठाऊक नाही. रोज माझी वेणी घालतात. माणूस चांगला आहे."

या वेळी कुणीच हसलं नाही. वहिनींनी कमरेचा बटवा उघडून एक पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. नानांच्याच हातचं. वर फोटो मात्र नानांचा, छापखान्याच्या पहिल्या पासासाठी काढलेला, डोक्यावर काळेभोर केस असलेला.

"हे आमचे हे," त्या मास्तरांना म्हणाल्या. "ते आले की मत देईन."

मास्तरांनी फोटो पाहिला आणि समोरचं टक्कल पाहिलं. नाना एकदा फोटोकडे, एकदा स्वतःकडे बोट दाखवत राहिले.

दारातून सखूबाई ओरडली, "मास्तर, आमच्या वहिनी हायेत त्या! नानांच्या मंडळी! कुनालाबी इचारा!"

"हो, हो, त्याच!" आम्ही सगळेच ओरडलो.

मास्तरांनी घाईने यादीत सासरचं नाव शोधलं आणि शाईची बाटली पुढे केली. वहिनींनी हात मागे घेतला. "त्यांना येऊ दे आधी."

"राहू द्या, मास्तर," नाना म्हणाले. खिशातली नाणी वाजत नव्हती.

बाहेर पायरीशी वहिनी थबकल्या. "तुम्ही मला घरी सोडाल का हो? आमचे हे वाट बघत असतील."

नानांनी त्यांचा हात धरला.

"सोडतो की," ते म्हणाले. "मी त्यांच्या ओळखीचाच आहे."