बहात्तर गुणांचा तालुका

श्यामसुंदर उपासनींनी पेन्सिलीला टोक केलं, ‘शेजार’ या रकान्यासमोर दहापैकी दहा लिहिले आणि सगळी बेरीज करून ते खुर्चीत मागे रेलले.

“बहात्तर,” ते म्हणाले. “शंभरात बहात्तर. आपल्या मुलुंडला किती पडले होते, आठवतंय?”

“एकेचाळीस,” देवापुढची वात सारखी करत सुहासिनीबाई म्हणाल्या.

“एकेचाळीस! साठाच्या खाली माल परत.”

उपासनींची उमेदीची वर्षं रंगाच्या कारखान्यात डबे तपासण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर डबे सुटले, तपासणी काही सुटली नाही. घरात उपम्याला गुण, इस्त्रीवाल्याला गुण, नात्यातल्या लग्नाला गेले की परतताना रिक्षात लग्नाला गुण. सुहासिनीबाईंना त्याचं काही वाटत नसे. तुळशीला पाणी, शिवलीलामृताचा अध्याय, सोमवार, प्रदोष आणि संकष्टी यांतून गुण मोजायला त्यांना वेळच उरत नसे.

पण हे बहात्तर गुण साधे नव्हते. मुलुंड पूर्वेची त्यांची ‘शीतल छाया’ पाडून नवी बांधायची ठरली होती. नोव्हेंबरअखेर घर रिकामं करायचं आणि तीन वर्षं दुसरीकडे काढायची. बिल्डर भाड्यापोटी महिना पंचेचाळीस हजार देणार होता; पण अर्धं मुलुंड एकाच वेळी पाडायला काढल्यामुळे तेवढ्यात मिळत होतं ते खुराड्याएवढं. तेव्हा उपासनींच्या मनाने घेतलं, की तीन वर्षं डोंगरात का काढू नयेत? आणि त्यांनी सह्याद्रीतला पाथरगड तालुका तपासायला घेतला.

ज्येष्ठात दोघं तिथल्या आंबेदरा गावात धोंडिराम नावाच्या शेतकऱ्याच्या रिकाम्या घरात चार दिवस राहून आली. उपासनींनी बादली किती मिनिटांत भरते ते घड्याळ लावून पाहिलं, केळ्यांचा डझनाचा भाव तीन दुकानांत विचारला, एसटी किती उशिरा येते त्याची सरासरी काढली. दवाखाना चौदा किलोमीटरवर म्हणून गुण कापले, गुरुवारी वीज जाते म्हणून कापले, माकडांचे वेगळे कापले. शेजाराला मात्र पैकीच्या पैकी, कारण शेजारचं घर अर्धा फर्लांग लांब होतं.

सुहासिनीबाईंचं मूल्यमापन पहिल्याच संध्याकाळी उरकलं होतं. त्या घराच्या मागच्या बाजूला गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. अंगणात बेलाचं झाड होतं. हात वर केला की त्रिदळ हाताशी येत होतं, अखंड, किडीचं एक भोक नसलेलं. महादेवाला बेलाची लाखोली वाहायची, एक लाख पानं, हे त्यांच्या मनात वीस वर्षांपासून होतं. मुलुंडला दहा रुपयांच्या पुडीत अकरा पानं मिळत, त्यातली चार फाटकी. उपासनींनी एकदा हिशेब करून दाखवला होता, एक्याण्णव हजार रुपये, फाटकी पानं धरून. त्यानंतर सुहासिनीबाईंनी तो विषय काढला नव्हता. आता लाखोली परसात उभी होती, आणि घरभाडं होतं महिना नऊ हजार.

“कुणापाशी बोलू नकोस हं,” उपासनी कागदाची घडी घालत म्हणाले. “टोकन द्यायला मी पुढच्या महिन्यात जाणार. तोवर बिल्डिंगमध्ये कळलं तर भाव चढलाच म्हणून समज.”

“कुणी विचारलं तर?”

“तर म्हण, अजून काही ठरलं नाही.”

“पण ठरलंय की.”

“अगं, म्हणायचं तसं!”

“मला नाही म्हणता येणार,” सुहासिनीबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. “आषाढी एकादशीला उदक सोडलंय. चातुर्मासात खोटं बोलायचं नाही.”

उपासनींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “पण तू दरवर्षी वांगं सोडतेस ना?”

“बुवा कीर्तनात म्हणाले, भाज्यांनी तुमचं काय वाईट केलंय? एक वर्ष खोटं सोडून बघा. मला पटलं. आणि खरं सांगू? वांगं मला मुळातच आवडत नाही. त्यात कसला आलाय नेम?”

“म्हणजे अडतीस वर्षं तू देवाला...”

“तेच तर,” सुहासिनीबाई म्हणाल्या आणि मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली.

कुणी मुद्दाम विचारायला येणार नाही, असा उपासनींचा अंदाज होता. पण पाडायला निघालेल्या बिल्डिंगमध्ये माणसं दुसरं काही विचारतच नाहीत. दुसऱ्याच दिवशी समोरची कुंदा वाटीभर साबुदाणा मागायला आली आणि दारातूनच म्हणाली, “काय गं ताई, कुठे बघितलंत का घर?”

“बघितलं.”

“अगंबाई! इथेच?”

“नाही. पाथरगडला.”

“ते कुठे आलं? राहण्यासारखं आहे?”

“खूप.”

“भाडं काय म्हणतात?”

सुहासिनीबाईंनी मदतीसाठी देव्हाऱ्याकडे पाहिलं. देव्हाऱ्यातून काही मदत आली नाही. “नऊ हजार.”

“खोलीचे?”

“घराचे. पुढे ओटा, मागे अंगण.”

पंचेचाळीसातून नऊ गेले की किती, हे कुंदाच्या चेहऱ्यावर वाचता आलं. ती साबुदाणा न घेताच गेली.

संध्याकाळी तिचा मुलगा केयूर आला. तो कंपनीचं काम घरूनच करायचा. “काकू, बाकी सोडा, नेटवर्क येतं का ते सांगा.”

“विहिरीच्या कठड्यापाशी उभं राहिलं तर येतं.”

“झकास! म्हणजे मीटिंग उभ्याने. पाठीला बरं ना ते.”

रात्री जेवताना उपासनींनी मार्ग काढला. “असं कर, तू मौन धर. बोलायचंच नाही, म्हणजे खरं नाही आणि खोटंही नाही.”

हे सुहासिनीबाईंनाही पटलं. त्यांनी रोज दुपारी बारापर्यंत मौन धरलं. त्याच्या पुढे धरलं असतं तर भाजीवाली, गॅसवाला आणि नवरा तिघांचाही खोळंबा झाला असता. पण सगळ्या बिल्डिंगला ही वेळ दोन दिवसांत पाठ झाली. बाराला पाच मिनिटं कमी असताना त्यांच्या दाराबाहेर चपला जमू लागल्या. देवाला नैवेद्य दाखवून त्यांनी दार उघडलं की प्रश्न सुरू.

“काकू, तिकडे दूध कसं लिटर?”

“ताई, जिन्याचं घर आहे का? माझे गुडघे चालत नाहीत.”

“साप निघतात?”

“एक निघाला होता,” सुहासिनीबाई म्हणत. “पण तो त्याच्या वाटेने गेला.”

त्यांच्या या असल्या उत्तरांनीच घात केला. पाथरगडला सगळं चांगलं आहे असं म्हणाल्या असत्या तर कुणी विश्वास ठेवला नसता. पण बाई सापसुद्धा लपवत नाहीत म्हटल्यावर हवा, पाणी आणि नऊ हजार यांच्यावर शंका कोण घेणार? आठवड्याभरात केयूरने मोबाईलवर ‘पाथरगड परिवार’ नावाचा ग्रुप काढला. त्यात नऊ घरं आली. येत्या रविवारी सगळ्यांनी मिनीबस करून घरं बघायला जायचं ठरलं.

गुरुवारी धोंडिरामचा फोन आला. उपासनींनी स्पीकर लावला.

“साहेब, मुंबईच्या लोकांचे लई फोन येत्यात. गावातली समदी रिकामी घरं विचारून झाली. काल एका बाईंनी गोठ्याला रंग दिला तर किती पडंल म्हणून विचारलं.”

“आपलं नऊ ठरलंय, धोंडिराम.”

“ठरलंय हो, पर टोकन कुठं दिलंय तुम्ही? शेजारचा बावीस सांगतोय. मी तुमच्यासाठी म्हणून वीस.”

फोन ठेवल्यावर उपासनींनी कागद उलगडला. भाड्याच्या रकान्यातले वीसपैकी अठरा खोडून त्यांनी चार केले. “अठ्ठावन्न,” ते म्हणाले. “नापास. आणि ही नऊ घरं आली तर शेजाराचे दहासुद्धा गेले. दोन्हीकडे नापासच, मग मुलुंडच बरं.”

सुहासिनीबाईंनी ताम्हनातली बेलाची पुडी सोडली. अकरातली पाच पानं धड निघाली. त्या दिवशी त्यांनी महादेवाला ती पाच वाहिली. उपासनींनी ते दारातून पाहिलं. बायको रडली असती तर त्यांनी समजूत घातली असती. पण ती नुसती फाटकी पानं एका बाजूला सारत होती. ते त्यांना बघवेना.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना खाली पार्किंगमध्ये बोलावलं आणि तपासणीचा अहवाल वाचायला घेतला, पण फक्त कापलेल्या गुणांचा. दवाखाना, गुरुवार, माकडं, जळवा, बिबट्या. बिबट्यावर ते चांगली चार मिनिटं बोलले. मिनीबसमधल्या दोन-तीन जागा रिकाम्या होणार अशी चिन्हं दिसू लागली.

तेवढ्यात सुंदराबाईंनी हात वर केला. सुंदराबाई सोसायटीच्या सेक्रेटरी. सदतीस वर्षं पालिकेच्या रुग्णालयात नर्स होत्या आणि अजूनही सगळ्यांशी तापमान घेतल्यासारख्या बोलत.

“भाऊ, तुम्ही बसा,” त्या म्हणाल्या. “तुमचा काही नेम नाही. सुहासिनी, तू उठ. बिबट्या आहे?”

“आहे म्हणतात. पाहिलेला माणूस मला भेटला नाही.”

“जळवा?”

“पावसाळ्यात. मीठ टाकलं की सुटतात.”

“माकडं?”

“आहेत. पण वेळेवर येतात, वेळेवर जातात.”

लोक हसले. उपासनींनी कपाळाला हात लावला. मिनीबस पुन्हा भरली.

“आता शेवटचं,” सुंदराबाई म्हणाल्या. “तू कशासाठी जाते आहेस?”

“बेलासाठी,” सुहासिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी लाखोलीचं सांगितलं.

“हं. आणि?” रोग्याच्या पोटातलं काढून घ्यायची सुंदराबाईंची सवय गेली नव्हती. “अजून काहीतरी आहे. तोंडावर दिसतंय तुझ्या.”

सुहासिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताला किती ठिकाणी ओल आली आहे ते पाहत होता.

“आणि,” त्या इतक्या हळू म्हणाल्या, की मागचे लोक पुढे सरकले, “तिथे तुम्ही कुणी नसाल म्हणून.”

पुढे सरकलेले लोक पुन्हा मागे सरकले.

“रागावू नका,” त्या घाईने म्हणाल्या. “चोवीस वर्षांत माझी एक माळ सलग पुरी झालेली नाही. पन्नासाव्या मण्याला कुंदाला वाटी हवी असते. सत्तराव्याला केयूरची व्यायामाची वजनं जमिनीवर आपटतात. त्यातून वाचले तर सुंदराबाई नोटिशीवर सही मागायला येतात. तुम्ही सगळी फार चांगली माणसं आहात. लांबून तर अजूनच चांगली वाटाल.”

उपासनींनी डोळे मिटून घेतले. आता नोव्हेंबरपर्यंत कुणी आपल्याशी बोलणार नाही, अशी त्यांची खात्री झाली.

पण सुंदराबाई खुर्चीत मागे टेकल्या आणि खो खो हसायला लागल्या. “अगं, मी तरी कशाला निघाले होते? रोज तुमच्या गाड्या लावायच्या तक्रारी ऐकून माझं डोकं फुटायची वेळ आलीय! म्हटलं, तीन वर्षं तुम्हा लोकांचं तोंड बघायला नको.”

“घ्या!” कुंदा उसळली. “आणि मी तुमच्या नोटिशींना कंटाळून निघाले होते!”

“यार, मग खरं बोलायचंच असेल तर,” केयूर म्हणाला, “मी फोनवर वेगळं घर विचारून ठेवलंय. विहिरीजवळचं. एकट्यासाठी.”

“एकट्यासाठी?” कुंदा त्याच्याकडे वळली. “आणि मी?”

“तू ओट्याचं घर विचारलंयस ना? लांबून चांगली वाटशील, आई.”

मग मात्र कुणाला धरबंध राहिला नाही. एकेक घर उठून सांगू लागलं. नऊच्या नऊ घरं एकाच डोंगरावर निघाली होती, आणि तीसुद्धा उरलेल्या आठ घरांपासून सुटका व्हावी म्हणून. सगळेच येणार म्हटल्यावर तिथे जाण्यात काही अर्थच उरला नव्हता. मिनीबसवाल्याला तिथूनच नको म्हणून कळवलं गेलं. दिवेलागणीपर्यंत ‘पाथरगड परिवार’मधून सगळे बाहेर पडले, तळमजल्याचे एक आजोबा तेवढे राहिले, कारण बाहेर कसं पडायचं ते त्यांना कळत नव्हतं.

सोमवारी बाराला सुहासिनीबाईंचं मौन संपलं आणि लगेच फोन वाजला. पलीकडे धोंडिराम होता. या वेळी त्याने साहेबांना नव्हे, ताईंनाच बोलवायला सांगितलं.

“ताई, समद्यांनी नको म्हणून कळवलं बघा. वीसचं राहू द्या. नऊ पन नको. आठावर या.”

उपासनींनी झडप घालून पेन्सिल उचलली.

“अहो, पण आठ कसे?” सुहासिनीबाई म्हणाल्या. “नऊ ठरले होते.”

“एक हजार गावाकडनं सूट. त्या कुंदाताई फोनवर म्हनल्या, आमच्या ताई चातुर्मासात खोटं बोलत न्हाईत, म्हनून आम्ही डोळं झाकून येतोय. मी पारावर सहज बोललो, तर आता गाव तुमची वाट बघतंय.”

“वाट? कशासाठी?”

“दोघा चुलतभावांचा बांधाचा तंटा अकरा वर्सं चाललाय. दोघं बी म्हनत्यात, ताई येऊन बघतील आन् सांगतील ते मान्य. सरपंचीणबाईंना दोन सुनांचं इचारायचंय, कोन कामाची आन् कोन तोंडाची. आन् आमची मंडळी म्हनती, माझ्या हातची आमटी खारट असती का न्हाई, ते ताईंनीच सांगावं, त्या चार दिस जेवल्यात. ओट्यावर सतरंजी टाकलीया. नंबर लावून बसतील लोकं, तुम्हाला तरास न्हाई.”

सुहासिनीबाईंना आमटी आठवली. ती खारट होती.

“मग कधी येताय?” धोंडिराम म्हणाला. “घर मोकळंच हाय. याच हप्त्यात या की! आन् खरं काय ते सांगा बरं का.”

सुहासिनीबाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं पान उलटलं. मग आणखी एक. मग आणखी एक. जन्मात पहिल्यांदाच त्यांना एखादा नेम लवकर संपावा असं वाटत होतं. पण बेल काही कुठे पळून जात नव्हता, आणि लाखोलीला मार्गशीर्षही चालतो.

“येणार, नक्की येणार,” त्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या. “कार्तिकी एकादशी झाली की दुसऱ्या दिवशी. त्याच्या आधी एक दिवसही नाही.”