शाकाहारी मासा आणि मर्व्हची पँट

मर्व्ह पॅस्को पुन्हा रिकामी बादली घेऊन घरी आला, तेव्हा त्याची बायको नोरीन टोस्टला लोणी लावत होती. तिनं बादलीत डोकावूनही पाहिलं नाही.

"मिळाला?"

"आज भरती बरोबर नव्हती."

"काल वारा बरोबर नव्हता. परवा पाणी गढूळ होतं. मर्व्ह, त्या नदीत मासे तरी आहेत ना? की तुम्ही सगळे म्हातारे नुसतेच काठ्या धरून उभे असता?"

मर्व्हनं बादली दारामागे सरकवली. सिडनीत जन्मभर गालिचे विकून तो निवृत्त झाला आणि बायकोच्या हट्टापायी नदीच्या मुखावरच्या या गावात राहायला आला. पहिले काही महिने तो फ्रीज उघडायचा, आत बघायचा आणि बंद करायचा. मग एका सकाळी नदीकाठच्या दगडी भिंतीवर लुडेरिक नावाचे मासे धरणारी म्हातारी मंडळी त्याला दिसली आणि त्याच्या जिवाला थारा मिळाला. मासा मात्र मिळाला नाही.

"आता ऐक," नोरीन म्हणाली. "रविवार संध्याकाळपर्यंत एक मासा आण. एकच. नाहीतर मंगळवारी माझ्याबरोबर क्लबात वॉल्ट्झला यायचं. आमच्याकडे बायका वीस आणि पुरुष दीड."

"दीड?"

"एक धड आणि एक गुडघा बदललेला. आणि अंगणातलं कारंजं साफ कर. किती वेळा सांगू? हिरवंगार झालंय!"

"करतो गं," मर्व्ह म्हणाला. कारंज्याबद्दल तो गेले तीन महिने हेच म्हणत होता. नाचाच्या नावानं मात्र तो दोन पावलं मागे सरकला. स्वतःच्या लग्नात नाचताना त्यानं सासूच्या अंगठ्यावर पाय दिला होता. त्या अंगठ्याची चौकशी त्याला पुढं प्रत्येक नाताळात करावी लागली.

दुसऱ्या दिवशी तो उजाडताच भिंतीवर हजर झाला. जूनच्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या थंडीत सगळ्यांची नाकं लाल झाली होती. भिंतीचा अनभिषिक्त राजा क्लॅरी टिपेट कानटोपी ओढून उभा होता. शेजारी त्याचा जुना मित्र एन्झो थर्मासमधली कॉफी पीत होता आणि कॉफीला नावं ठेवत होता.

"ये रे गालिचेवाल्या," क्लॅरी म्हणाला. "शेवाळ गळाला गुंडाळ. हां, वेणी घातल्यासारखं, आणि शेवटी शेपूट मोकळं सोड. एवढं आवळू नकोस! तो जेवायला येतो, फाशी घ्यायला नाही."

लुडेरिकला ही मंडळी लाडानं 'काळ्या' म्हणत. काळ्याची गंमत अशी की तो जवळजवळ शाकाहारी. कोळंबी द्या, किडा द्या, ढुंकून बघणार नाही. त्याला हवं केसासारखं लांब, मऊ, हिरवं शेवाळ. आणि ते कुठं मिळतं हे भिंतीवर कुणी कुणाला सांगत नसे. क्लॅरी रोज आपल्या डब्यातून मर्व्हला हिंग द्यावा तसं चिमूटभर शेवाळ द्यायचा.

"आता त्या पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाकडे बघ," क्लॅरी म्हणाला. "बुडालं की लगेच ओढायचं नाही. हा मासा आपल्या एन्झोसारखा. आधी चव बघतो, मग तोंड वाकडं करतो, मग खातो. बुडतंय... थांब... थांब..."

मर्व्हनं पहिल्या 'थांब'लाच काठी ओढली. गळ हवेत उडाला आणि एन्झोच्या टोपीत अडकला.

"पुन्हा घाई!" क्लॅरीनं कपाळाला हात लावला. "गालिचे विकताना गिऱ्हाईक दुकानात शिरायच्या आतच पावती फाडायचास का रे?"

"तुम्ही शेवाळ तरी जरा जास्त द्या की. कुठून आणता एवढं छान?"

दोघेही एकदम नदीकडे बघायला लागले. जणू नदी त्यांना आत्ताच दिसली होती.

पण मर्व्हला डोळे होते. ओहोटी लागली की हे म्हातारे एकेकटे सटकायचे, पुलाखालच्या जुन्या मोडक्या धक्क्याकडे. जाताना चोरासारखं इकडेतिकडे बघायचे आणि परत येताना चेहऱ्यावर मोठं समाधान असायचं. मर्व्हनं यावर बराच विचार केला आणि त्याला सगळा उलगडा झाला. या वयात होतंच! जवळपास मुतारी नाही, बिचारे जाणार कुठं?

त्या दिवशी घरी जाताना तो सहज त्या धक्क्यावर उतरला आणि दुसऱ्याच पावलाला पाय घसरून धप्पकन बसला. सगळा उतार हिरवागार आणि बुळबुळीत होता. मर्व्हच्या करड्या पँटवर मागे ताटाएवढा हिरवा गोल उमटला. पण त्याला स्वतःचं दुखणं जाणवलंच नाही. त्याच्या डोळ्यांसमोर ऐंशीचा क्लॅरी, घाईत, पँटची चेन सावरत... नुसत्या कल्पनेनं त्याला गलबलून आलं.

"मी शिष्य आहे त्यांचा," तो स्वतःशी म्हणाला. "एवढं तर केलंच पाहिजे."

त्यानं तडक दुकानात जाऊन जोरात पाणी मारायचं यंत्र भाड्यानं आणलं, शिवाय तारेचा ब्रश. भरतीचं पाणी परत चढेपर्यंत त्यानं तो धक्का असा घासला की काँक्रीट पांढरंफेक निघालं. गुरुजनांना काही सांगायचं नाही, असंही त्यानं ठरवलं. गुपचूप केलेल्या पुण्याची मजा वेगळीच.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर सुतकी शांतता होती. एन्झो कॉफीला नावंसुद्धा ठेवत नव्हता.

"काय झालं हो?" मर्व्हनं विचारलं.

"खून झालाय," क्लॅरी म्हणाला. "आमच्या शेवाळाचा. पुलाखालच्या धक्क्यावर माझ्या बापाच्या वेळेपासून वाढत होतं. कुणा नराधमानं खरवडून नेलंय."

मर्व्हच्या तोंडचं पाणी पळालं. "मग तुम्ही तिकडे... शेवाळासाठी जायचात?"

"मग काय हवा खायला?"

"नाही, मला वाटलं..." मर्व्हनं वाक्य गिळलं.

"पालिकेचंच काम!" एन्झो गरजला. "चला, जाब विचारू!"

"बोलणार कोण? मी बोललो तर शिव्याच येतील," क्लॅरी म्हणाला. "मर्व्ह बोलेल. गालिचे विकायचा, जीभ गोड आहे त्याची."

मर्व्हनं पाठदुखीचं निमित्त काढून पाहिलं, पण दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून पालिकेच्या खिडकीशी उभं केलं. तिथल्या बाईंनी त्याचं अडखळत बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"आम्ही?" त्या हसल्या. "त्या धक्क्याकडे आमचं कुणी वर्षानुवर्षं फिरकलेलं नाही. पण एका भल्या गृहस्थानं तो स्वखुशीनं साफ केला म्हणे! पुलावरून जाणाऱ्या एका बाईंनी फोटो पाठवलाय. त्या गृहस्थांचा सत्कार करायचाय आम्हाला. ओळखता का कुणी?"

त्यांनी संगणकाचा पडदा वळवला. फोटो पाठीमागून काढलेला होता. माणूस ओणवा होऊन घासत होता. चेहरा दिसत नव्हता, पण करडी पँट दिसत होती आणि तिच्या बरोब्बर मधोमध ताटाएवढा हिरवा गोल.

क्लॅरीनं चष्मा लावला. फोटो बघितला. मग मान खाली घालून उभ्या असलेल्या मर्व्हकडे बघितलं. मर्व्हनं सकाळी घाईत तीच पँट चढवली होती.

"मर्व्ह," क्लॅरी अगदी हळू म्हणाला, "जरा वळ बघू."

मर्व्ह वळला.

"अहो, मला वाटलं तुम्ही तिकडे लघवीला जाता!" तो कळवळून म्हणाला. "घसरून कंबर मोडाल म्हणून केलं!"

पालिकेच्या बाईंनी पडदा हळूच परत फिरवला. क्लॅरीनं चष्मा काढून खिशात ठेवला. मग त्यानं नदीकाठच्या भिंतीच्या दिशेनं बोट दाखवून मान नकारार्थी हलवली आणि एन्झोला घेऊन निघून गेला. त्याला शिव्यासुद्धा आल्या नाहीत, याचंच मर्व्हला फार लागलं.

शनिवारी सकाळी मर्व्हनं फ्रीज उघडला, आत बघितलं आणि बंद केला. मासा गेला, त्याचं काही नाही. नाचावं लागणार, तेही सोसलं असतं. पण ती भिंत, ती लाल नाकं, ते 'गालिचेवाल्या' गेलं, हे त्याला खरोखर सहन होत नव्हतं.

"घरीच आहेस तर कारंजं घास," नोरीन म्हणाली. तिच्या आवाजात चक्क माया होती.

मर्व्हनं बाह्या सरसावल्या आणि कारंज्याच्या टाकीत हात घातला. हाताला काहीतरी रेशमी लागलं. त्यानं ओढलं. लांब, मऊ, केसासारखं, हिरवंगार! त्यानं दुसरा हात घातला. टाकीभर तेच!

नोरीन खिडकीतून बघत होती. "साफ करतोयस की कुरवाळतोयस?" तिनं विचारलं. पण मर्व्ह फोनकडे धावला होता.

अर्ध्या तासात क्लॅरी आणि एन्झो कारंज्याशी गुडघे टेकून बसले होते. क्लॅरीनं एक धागा दोन बोटांत चोळला, हुंगला, उन्हात धरला.

"गालिचेवाल्या," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "उद्या सकाळी भिंतीवर ये. उशीर करू नकोस."

रविवारी मर्व्हचं बूच डुलत डुलत निघालं आणि हळूच खाली गेलं.

"थांब..." क्लॅरी म्हणाला. मर्व्हनं श्वास रोखला. "थांब..." मर्व्हनं काठी घट्ट धरली, पण ओढली नाही. "आता!"

काठी कमानीसारखी वाकली. एन्झोनं जाळी घातली, पाय घसरला, टोपी पाण्यात गेली. पण काळ्या वर आला. चांगला दोन हातांत धरावा असा मासा! मर्व्ह लहान पोरासारखा ओरडला आणि त्यानं क्लॅरीच्या कानटोपीचा मुका घेतला.

घरी त्यानं मासा ओट्यावर ठेवला. मागे साक्षीला क्लॅरी आणि एन्झो उभे होते.

"जिंकलास," नोरीननं प्रांजळपणे मान्य केलं. "मंगळवारी तू सुटलास. आता उद्या माणूस बोलावते आणि त्या कारंज्यात क्लोरीन टाकून घेते."

तिघेही एकमेकांकडे बघायला लागले.

"नोरीनबाई," क्लॅरी टोपी काढत म्हणाला, "क्लोरीन कशाला? तुम्ही म्हणाल ते करू आम्ही."

"म्हणेन ते?" नोरीननं तिघांवरून नजर फिरवली. मर्व्हनं ओळखलं आणि डोळे मिटले.

मंगळवारी संध्याकाळी क्लबात पुरुषांची संख्या दीडवरून साडेचार झाली. एन्झो नोरीनला घेऊन असा काही गिरक्या घेत होता की त्याला कॉफीची आठवणही नव्हती. क्लॅरी एका धिप्पाड बाईंच्या खांद्याआडून सगळ्यांना ताल सांगत होता, "थांब... थांब... आता!" आणि 'आता' म्हटलं की सगळा हॉल एकदम वळायचा.

एकटा मर्व्ह पहिल्याच 'थांब'ला वळला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला. घरून निघायच्या आधी उद्यापुरतं शेवाळ काढायला तो घाईघाईनं कारंज्याच्या कठड्यावर टेकला होता. त्याच्या नव्या काळ्या पँटवर, मागे, मधोमध, हिरवा गोल चमकत होता. चार-पाच लांब, रेशमी धागे खाली लोंबत होते.

"मर्व्ह!" ताल न चुकवता क्लॅरी हॉलच्या त्या टोकाकडून ओरडला. "ते झटकू नकोस!"