बिराजदार सर घराचा भाव काढतात

रविवार, दिनांक २ फेब्रुवारी २०२५. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. सोलापुरात सात रस्ता चौकाच्या मागच्या अंगाला असलेल्या त्या गल्लीत घरे अकरा; त्यांपैकी विक्रीस काढलेली, शून्य. हा आकडा आधीच नोंदवून ठेवलेला बरा, कारण पुढे जो गोंधळ उडाला त्याचे मोजमाप कुठून तरी सुरू करावे लागेल!

त्या घटकेला मंजुनाथ बिराजदार सर एका हातात फीत आणि दुसऱ्या हातात लाल ऑइल पेंटचा डबा घेऊन आपल्या फाटकासमोर उभे होते. सरांनी तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे मोजणी हा विषय शिकवला होता. निवृत्तीनंतर विद्यार्थी सुटले, मोजणी काही सुटली नाही. लग्नाला गेले तरी आधी मांडवाची लांबी-रुंदी, मग अक्षता! आज तर मोजायला खुद्द स्वतःचे घर होते.

निमित्त घडले ते आदल्या रात्रीच्या फोनचे. पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा दिग्विजय म्हणाला होता, "बाबा, तिथलं घर विकून टाका. त्यात माझी भर घालून इथं मोठा फ्लॅट घेऊ. सगळे एकत्र राहू."

"भावनेच्या भरात घर घेणारा हप्ते फेडताना रडतो!" सर गरजले. "सोलापूर, पुणे आणि तुलनेला हैदराबाद, तिन्हीकडचे दर काढतो. तक्ता करतो. तक्ता सांगेल तसे करू. माझ्या मोजणीत आजवर इंचाची चूक निघालेली नाही!"

उंबऱ्याशी बसून मेथी निवडणाऱ्या त्यांच्या पत्नी जगदेवीबाईंनी हे सगळे ऐकले आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. सरांनी त्याची नोंद 'संमती' अशी केली.

आता घर आपले, तर मोजावे आपलेच. पण सरांचे एक तत्त्व होते: एका बिंदूवरून घेतलेले माप हे माप नसून मत असते! म्हणून त्यांनी आपल्या फाटकाच्या खांबावर एक लाल बाण काढला आणि तिथून गल्लीतल्या उरलेल्या दहाही घरांच्या भिंतींपर्यंत फीत लावून प्रत्येक भिंतीवर एकेक बाण आणि त्याखाली अंतराचा आकडा मीटरमध्ये टाकला. गल्ली साखरझोपेत होती. कोणाला त्रास नको म्हणून सरांनी कोणाला उठवले नाही. सौजन्य हे कधीकधी किती महागात पडते, पाहा!

दुपारी त्यांनी कुमारला बोलावले. कुमार हा त्यांचा जुना विद्यार्थी. परीक्षेत तीनदा आपटून हल्ली जागांचे व्यवहार करीत असे.

"विकायचे नाही, कुमार. फक्त भाव काढायचा आहे."

"सर, तराजूत माल टाकल्याबिगर काटा हलत न्हाय की! विकायचंय म्हटल्याशिवाय कोन भाव सांगनार?"

"बरे, मग विकायचे आहे असे सांग. पण कुठे बोलू नकोस."

"छ्या! माझ्या तोंडाला कुलूप हाय, सर."

संध्याकाळपर्यंत दर आला: चौरस फुटाला तीन हजार आठशे. आणि त्याच संध्याकाळी गल्लीला कळले, की बिराजदार सर घर विकताहेत. कुलपाच्या किल्ल्या बहुधा बऱ्याच जणांकडे असाव्यात!

सोमवारी पहाटे सर पुण्याला निघाले. रिक्षात बसताना त्यांना दिसले, की आपल्या खांबावरचा बाण नाहीसा झाला आहे. डबा जुना होता, रंग धरला नसेल. म्हणजे बाकीचेही बाण उडालेच असणार, असा निष्कर्ष त्यांनी अंधारात काढला. एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला सरांनी एकतीस वर्षांत कधी पास केले नव्हते!

पुण्यात तीन दिवस सरांनी फ्लॅट पाहिले. एका ठिकाणची बाल्कनी पाहून त्यांना वाटले, की कोणी तरी कपाटाचे दार उघडे ठेवले आहे. दर निघाला आठ हजार सहाशे. हैदराबादचा दर फोनवर मिळाला, सात हजार. तक्ता स्पष्ट बोलत होता. सोलापुरातले त्यांचे बाराशे चौरस फुटांचे घर पुण्यात नेले, तर पाचशे तीस फूट होत होते आणि हैदराबादेत साडेसहाशे. धुताना आटणारे कापड सरांना ठाऊक होते. प्रवासात आटणारे घर ते प्रथमच पाहत होते.

गुरुवारी सकाळच्या गाडीने सर परत निघाले. जेऊर मागे पडले आणि फोन वाजला.

"सर, कुटं हायसा? बसलाय न्हवं? बसूनच ऐका." कुमारचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. "गल्लीचा रस्ता रुंद व्हनार. लाल खुना पडल्यात."

"कोणाच्या घरावर?"

"समद्यांच्या! फकस्त तुमच्या न्हाय."

"मग माझे घर वाचले?"

"त्येच तर, सर! गल्लीतले बागवानचाचा म्हनत्यात, अर्धं पाडायचं असलं की खून करत्यात. पुरतं पाडायचं असलं, तर खून कशाला?"

सरांच्या डोळ्यांसमोर एक पिवळे यंत्र आले. त्याने आधी फाटक खाल्ले, मग पायऱ्या, मग जगदेवीबाईंचा देव्हारा. मुलगा एकत्र राहू म्हणत होता. आता एकत्र राहायला विकण्याजोगे घर तरी उरेल का?

"कुमार, तीन हजार आठशेचा हट्ट नाही. साडेतीन चालतील."

कुर्डुवाडीला पुन्हा फोन. "सर, साडेतीनाचं गिऱ्हाईक पळालं. साठ फुटी रस्ता म्हनत्यात."

"मग तीन!"

माढ्याला रस्ता ऐंशी फुटी झाला. सर अडीचवर आले. मोहोळ मागे पडले तेव्हा रस्त्यावर उड्डाणपूल उभा राहिला होता. सर दोन हजारांवर उतरले. समोरच्या बाकावरचा गृहस्थ घाबरून म्हणाला, "काका, काय विकताय? कांदा का?"

"घर!" सर ओरडले. साऱ्या डब्याने त्यांच्याकडे दयेने पाहिले.

सोलापूर स्टेशनात गाडी शिरली तेव्हा भाव पंधराशेवर होता.

कुमार रिक्षा घेऊन आलाच होता. गल्लीच्या तोंडाशी पोचले, तर नऊ घरांवर 'विकणे आहे' अशा पाट्या! रहिमतुल्ला बागवान यांनी आपले लोखंडी फाटक उपटून भिंतीला टेकवले होते. कडक भाकऱ्या करून विकणाऱ्या नागव्वा मुळासकट खणलेले कढीपत्त्याचे झाड तान्ह्या पोरासारखे पोटाशी धरून उभ्या होत्या.

"सर, आ गए तुम!" रहिमतुल्ला धावले. "देखो ये, छे पॉइंट दस! मेरा घर अंदर तक नऊ मीटर. छे गए तो क्या बचा? संडास! बुढापे में संडास में बैठके गल्ली देखूं क्या?"

"तुमचं उरतंय तरी," नागव्वा रडकुंडीला आल्या. "माझ्या भिंतीवर सात पस्तीस लिवलंय. घर हाय सातच मीटर. वरचं पस्तीस कुटनं आणून देऊ, अय्यो देवरे!"

"सर, तुमाला आधीच कळलं व्हतं न्हवं?" गर्दीतून कोणी तरी म्हणाले. "म्हनून तर पयल्यांदा तुमी विकायला काढलं!"

"मला काही ठाऊक नाही! खूण कुठे आहे, दाखवा!"

सर भिंतीजवळ गेले. चष्मा पुसला. बाण पाहिला. त्याखालचा आकडा पाहिला. सहाचे पोट कसे गोल, एकाचा दांडा कसा सरळ, आणि साऱ्या अंकांचा कल उजवीकडे अचूक पंच्याहत्तर अंश. इतका सुबक आकडा कोणत्याही कार्यालयाचा माणूस काढणार नाही, हे जाणण्याइतके सर जाणकार होते. मागच्या मागे निघून जावे म्हणून त्यांनी पाऊल मागे घेतले, तर ते कुमारच्या पायावर पडले.

कुमार भिंतीकडेच पाहत होता.

"सर," तो हळूच म्हणाला, "ह्या तिरप्या आकड्यांपायी पयल्या वर्षाला तुमी माझ्याकडनं चाळीस पानं लिवून घेतली व्हती. ह्ये अक्षर... तुमचं हाय की!"

नागव्वांनी पोटाशी धरलेले झाड खाली ठेवले.

सरांनी सर्व काही सांगितले. फीत, बिंदू, तत्त्व, तक्ता. त्यांना वाटले होते, लोक हसतील. लोक एक पाऊल पुढे आले.

"म्हणजे सर," रहिमतुल्लांचे डोळे बारीक झाले, "पहले भाव गिराना, बाद में पूरी गल्ली सस्ते में लेना, ऐसा क्या?"

"अहो, नाही हो! माझेच घर मी पंधराशेवर आणले!"

हा पुरावा मात्र बिनतोड ठरला. इतका तोटा कोणी ढोंगासाठी करून घेत नाही, हे गल्लीला पटले आणि सर अंगावरच्या सदऱ्यासह सुखरूप घरात शिरले. मागून नागव्वांचा आवाज आला, "माझं झाड तुमीच लावायचं, सर! आनि मोजायचं न्हाय!"

घरात जगदेवीबाई मेथीच निवडीत होत्या. कोपऱ्यात टर्पेंटाइनची रिकामी बाटली होती. सरांनी बाटलीकडे पाहिले, मग बायकोकडे.

"आपल्या खांबावरचा बाण तू पुसलास?"

"व्हय. रविवारीच."

"म्हणजे बाण माझे आहेत, हे तुला पहिल्यापासून ठाऊक होते? चार दिवस गल्ली रडते आहे, आणि तू कोणाला सांगितले नाहीस?"

"मला कुनी इचारलं न्हाय की." जगदेवीबाईंनी एक पिवळे पान बाजूला टाकले. "घर इकू का, म्हनून तरी कुटं इचारलं व्हतं कुनी?"

सरांनी रिकामी बाटली उचलून खिडकीत ठेवली. तेवढ्यात दिग्विजयचा फोन आला.

"बाबा, तक्ता झाला? आपलं घर पुण्यात किती भरतं?"

सरांनी पंधराशेने हिशेब केला, पुन्हा करून पाहिला. "दोनशे नऊ चौरस फूट."

"तेवढी तर इथं पार्किंगची जागा असते, बाबा."

"तेव्हा आम्ही इथेच राहतो," सर म्हणाले आणि त्यांनी चोरून उंबऱ्याकडे पाहिले. जगदेवीबाई चहाचे आधण ठेवायला उठल्या होत्या. त्या पहिल्या फोननंतर प्रथमच न मागता!

शुक्रवारी सकाळी सर टर्पेंटाइनची नवी बाटली आणि चिंध्या घेऊन गल्लीत उतरले. बाण निघाले, धास्ती निघेना. गिऱ्हाइके त्या गल्लीचे नाव ऐकताच पुढच्या चौकाकडे वळू लागली.

गल्लीतील घरे अकरा. त्या आठवड्यात विक्रीस निघालेली, सरांच्या घरासह, दहा. विकली गेलेली, शून्य.