टॉवेलाखालचं लिनक्स

बोरुडे गुरुजी लॅपटॉपची हजेरी घेतात. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी पळायला लागतात. ओळीपुढं ‘ओके’ उमटलं की गुरुजी मोठ्यानं म्हणतात, “हजर!” एखादी ओळ लाल आली की चष्मा कपाळावर चढवून, “हा गैरहजर. पालकांना बोलवा.”

पालक म्हणजे मी.

काष्टीच्या बाजारात मी गायींची दलाली करतो. याच गुरुजींनी मला सातवीत दोन मार्कांसाठी नापास केलं, ते मी विसरलेलो नाही. शाळा सुटली, एका शेळीवर धंदा सुरू केला. आज लांबलांबची गिऱ्हाइकं माझ्या शब्दावर गाय नेतात. शब्दावर आणि व्हिडिओवर. धार काढतानाचे सगळे व्हिडिओ माझ्या छोट्या लॅपटॉपमध्ये असतात. ते दिसले नाहीत तर सौदा मोडतो.

लॅपटॉप फार रेंगाळायचा. गुरुजी निवृत्तीनंतर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली, शिकलेले. म्हणाले, “भाव्या, लिनक्स टाकू. घोड्यावानी पळंल.” टाकलं. पळणं राहिलं बाजूला, ते उठेनासंच झालं. मी बटण दाबलं की क्षणभर एक यादी, मग पडदा काळा.

इलाज फक्त गुरुजींकडं. त्या यादीत ते काहीतरी टाइप करतात आणि यंत्र उठतं. दुपारी बॅटरी संपली की पुन्हा मढं. म्हणून दर शनिवारी बाजाराआधी मी त्यांच्या दारात. वर टाइप करताना हा माणूस कीबोर्डवर टॉवेल टाकतो! रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्यात माझी हयात गेली, आणि मलाच टॉवेल?

“गुरुजी, काय लिव्हता ते सांगा की. मीच लिव्हतो.”

“सातवीत तुला ‘बिकॉज’ लिहिता येत नव्हतं. पोहे खा.”

पोहे, चहा, पुन्हा चहा. तोवर तिकडं चांगलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दावणीला.

एका शुक्रवारी डोकं फिरलं. श्रीगोंद्यात लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या एका ताईंकडं गेलो, गुरुजींचं सगळं सांगितलं. दोन मिनिटांत काम झालं. “दादा, हा उठायला एक शब्द द्यावा लागतो. गुरुजी तो तेवढ्यापुरता टाकत होते. बंद केलं की पुसला जायचा. मी कायमचा टाकला.”

“त्यांना हे येत नसंल?”

“ज्याला तो शब्द येतो, त्याला हेही येतं.”

शनिवारी भांडायलाच गेलो. दार उघडं. गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून बसलेले, पुढं पोह्यांच्या दोन ताटल्या. बाकीचे सहा दिवस या घरातून आवाजच येत नाही, असं शेजारीण एकदा म्हणाली होती. मी लक्ष दिलं नव्हतं.

“न्हाई ना होत चालू?” त्यांनी आशेनं विचारलं.

तोंडात आलेली शिवी गिळली. “न्हाई होत.”

त्यांनी टॉवेल टाकला, बटण दाबलं. बोट हलायच्या आत लॅपटॉप सुरू झाला. पडद्यावर माझी जर्सी गाय रवंथ करत उभी.

गुरुजी टॉवेलाची घडी घालत राहिले. “म्हंजे आता तुला यायचं काम न्हाई.”

जनावराच्या खोडी लपवण्यात माझा जन्म गेला. त्या दिवशी मी नसलेल्या खोडी सांगायला लागलो. “चालू झाला म्हणून काय झालं? आवाज खरखरतो. घड्याळ मागं पडतं. आन् ही गाय बघा, एका बाजूला झुकलेली दिसतीय.”

गुरुजींनी वही उघडली, चष्मा पुसला.

“हळू सांग. कोणत्या बाजूला झुकते म्हणालास?”