भिंतीवरची जिवंत माणसं

रस्त्यात गाठून नथ्थूभाऊ माणसाची हनुवटी धरायचे आणि तोंड सूर्याकडे वळवायचे. "ऊन वाया जाऊन राह्यलं, मास्तर. जरा इकडे पाहा." हातात कॅमेरा नसला तरी हा उद्योग चालूच. एकदा तर आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनाही त्यांनी भर बाजारात असंच वळवलं होतं.

चांद्यात त्यांचा एकच धंदा चालायचा. गावात माणूस गेला की आधी लाकडं आणि मग नथ्थूभाऊ. गेलेल्याला खुर्चीत बसवायचं, टोपी घालायची आणि फोटो काढायचा. जिवंतपणी फोटोवर पैसे घालवणारा माणूस आमच्याकडे विरळा. "मढ्याचं एक बरं असते," ते म्हणायचे, "हलत नाई." असं बोलून स्वतःच खिन्न व्हायचे.

मग ते नागपूरला जाऊन फोटोंचं प्रदर्शन पाहून आले आणि बिघडले. महिनाभर दुसरं बोलणं नाही. "तिथी लोक हात मागं बांधून उभे राह्यतात, मास्तर. अनोळखी माणसाच्या तोंडाकडं घटकाभर पाह्यतात. आपल्याकडं घरच्याकडंबी कोणी पाहत नाई." शहर म्हणजे धूळ, धक्के आणि महाग चहा, हे त्यांना मान्य होतं. पण त्या एका दालनासाठी त्यांनी सगळं माफ केलं होतं.

तसं प्रदर्शन चांद्यात भरवायचंच, असा त्यांनी ध्यास घेतला. मी दिवाळीच्या सुट्टीत शाळेचा व्हरांडा मिळवून दिला. टांगेवाला, मोहफुलं विकणारी बाई, टोपल्या विणणारा बुरूड, हॉटेलवाला, मी. सगळी चालती-बोलती माणसं त्यांनी फ्रेमा करून ओळीने टांगली. कॅमेरा घेतल्यापासून याच दिवसाची वाट पाहत होतो, असं ते मला म्हणाले.

इथेच घोटाळा झाला. आमच्याकडे फ्रेम करून भिंतीवर लागतो तो गेलेला माणूस. पहिली आली पोंभुर्ण्याची एक म्हातारी. तिने चपला बाहेर काढल्या, प्रत्येक फोटोला हात जोडले आणि पदरातली झेंडूची फुलं एकेका फ्रेमवर खोचली. "एका सालात इतके गेले, भाऊ? पटकी आली व्हती का?"

ती फुलं टांगेवाल्याच्या बायकोने पाहिली. "सकाळी पोटभर भात जेवून गेला माहा माणूस," ती म्हणाली, "अन् तुमी त्याले इथी हार चढवून ठेवला?" फोटो पदराखाली घेऊन ती निघून गेली. दुपारपर्यंत गावभर झालं. ज्याच्या त्याच्या घरचे येऊन आपल्या माणसाचा फोटो उतरवून नेऊ लागले. कोणी रागावलं, कोणी रडलं. नथ्थूभाऊ प्रत्येकाला एवढंच म्हणायचे, "काचेले बोट नका लावू."

माझ्या बायकोचाही निरोप आला, फोटो घेतल्याशिवाय घरी येऊ नका. मीही उतरवला. लाज वाटली, पण उतरवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीवर नुसते खिळे राहिले होते.

चौथ्या दिवशी मी व्हरांडा बंद करायला गेलो, तर मधल्या खिळ्यावर एक फोटो. खुद्द नथ्थूभाऊंचा. जरा हललेला.

"हा केव्हा काढला?"

"परवाच्या दिवशी. कालपासून लावला हाय."

"काऊन?"

त्यांनी बाहीने काच पुसली. मग म्हणाले, "सगळ्यायचे उतरवाले कोणी ना कोणी धावत आलं, मास्तर. म्हटलं, आपला लावून पाहू. कोणी येऊन म्हणन, हा माहा माणूस हाय, जित्ता हाय."

कोणी आलं का, हे मी विचारलं नाही.

मी पुढे होऊन तो फोटो उतरवायला हवा होता. एवढंच करायचं होतं. पण आपण त्यांचे कोण, या विचारात मी उभाच राहिलो. अंधारून आलं तसे नथ्थूभाऊ स्टुलावर चढले, आणि त्यांनी स्वतःला स्वतःच्या हाताने उतरवून घेतलं.